पंखा लावला तरी आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीची मोटर तापतेच आहे, काय चुकतंय?

मुठाकाठ
११ एप्रिल, रात्री १०.२५

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १:१० मापाचा, चारही चाकांना ताकद जाणारा मॉन्स्टर ट्रक आहे. मोटर ब्रशलेस, ३६५० आकाराची, ३३०० केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे), सेन्सर नसलेली. ईएससी (मोटरची वीज कमी-जास्त करणारा कंट्रोलर) ६० अँपिअरचा, बॅटरी २एस लिपो (दोन सेलची). बॅटरीसकट वजन अडीच किलोच्या आसपास. वारज्यात आमच्या सोसायटीमागे मुरमाचा मोकळा प्लॉट आहे. अर्ध्या भागात वाळलेलं गवत आणि एका बाजूला चांगला चढ. तिथे मी आणि माझा भाचा रोज संध्याकाळी गाडी पळवतो.

पंधरा दिवसांपूर्वी पहिली मोटर जळाली. चढावर गाडी थबकली, वास आला आणि मग ती जागच्या जागी थरथरायला लागली. तशीच दुसरी मोटर घेतली. या वेळी तपकीर गल्लीतून ३० मिलिमीटरचा पंखा आणि ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणून आधीच बसवला. तरीही सात-आठ मिनिटांत मोटर इतकी तापते की बोट टेकवून ठेवता येत नाही. पंखा फिरतोय, ते नीट पाहिलंय.

भाच्याची परीक्षा संपली आहे आणि सुट्टीभर तो माझ्याकडेच आहे. ही मोटरही गेली तर त्याची सुट्टी फुकट जाईल. दोन पंखे लावू का? की मोठा हीटसिंक घेऊ?

पिनियनवाला
११ एप्रिल, रात्री ११.०२

पंख्याचं नंतर बघू. आधी एवढं सांगा: पिनियनला (मोटरच्या शाफ्टवरच्या लहान गिअरला) दाते किती, आणि गाडी आली तेव्हा किती होते? टायर गाडीबरोबर आलेलेच आहेत का? तापमान कशाने मोजलंत आणि मोटरच्या कुठल्या भागावर? बॉडी चढवून पळवता की उघडी?

बोट टेकवता येत नाही यावरून एवढंच कळतं की बाहेरचं आवरण साठ अंशांच्या पुढे गेलंय. साठ-पासष्ट असेल तर एप्रिलमध्ये ते चालून जाईल. शंभर असेल तर ही मोटरही पहिलीच्या वाटेवर आहे.

मुठाकाठ
१२ एप्रिल, सकाळी ७.४०

गाडी आली तेव्हा पिनियन १३ दात्यांचं होतं, स्पर गिअर (पिनियन ज्याला फिरवतं तो मोठा) ५४ चा. वेग कमी वाटला म्हणून मी १७ चं बसवलं. टायर तेच आहेत. तापमान लेझरवाल्या थर्मामीटर गनने मोजलं. हीटसिंकच्या चकचकीत पट्ट्यांवर ४१ आलं, म्हणूनच गोंधळलोय. हाताला चटका बसतो आणि गन ४१ दाखवते. बॉडी चढवूनच पळवतो, नाहीतर मुरूम आत जातो.

पिनियनवाला
१२ एप्रिल, सकाळी ९.१५

गन बिघडलेली नाही. वस्तूतून निघणारे अवरक्त किरण ती मोजते, आणि चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःचे किरण फारच कमी सोडतं, आजूबाजूचेच परत फेकतं. त्यामुळे तुमच्या ४१ मध्ये मोटर थोडी आणि आसपासची हवा-जमीनच जास्त आहे. कॅनवर, म्हणजे मोटरच्या बाहेरच्या आवरणावर, जिथे हीटसिंक नाही अशा जागी, काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा दाबून चिकटवा. गाडी थांबली की गन त्या तुकड्याच्या अगदी जवळ, तीन-चार सेंटिमीटरवर धरा. लेझरचा ठिपका फक्त नेम धरायला असतो. लांबून धरलं की टेपच्या भोवतालचा भागही मोजण्यात येतो. एकदा आकडा बघून गन खाली ठेवू नका, दोन मिनिटं बघत राहा. गाडी उभी राहिली की वारा थांबतो, पण आतली उष्णता बाहेर येतच असते, म्हणून सगळ्यात मोठा आकडा मिनिटभराने दिसतो.

आता पिनियन. १३ चं १७ केलंत म्हणजे गिअरिंग ३१ टक्क्यांनी चढवलंत. चढावर चाकाला जेवढा जोर लागतो तेवढाच लागणार, पण तो द्यायला मोटरला ३१ टक्के जास्त टॉर्क काढावा लागतो. टॉर्क वाढला की त्याच प्रमाणात करंट वाढतो. आणि तांब्यात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १.३१ चा वर्ग १.७१. म्हणजे तोच चढ, तेच गवत, पण वाइंडिंगमध्ये, म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यांत, आधीच्या जवळजवळ पावणेदोन पट उष्णता. दोन रुपयांच्या नाण्याहून जरासा मोठा पंखा ती कुठवर उपसणार?

१४ चं पिनियन घाला. १३ वर परत गेलात तरी उत्तमच. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच जागी, तेवढाच वेळ पळवून मोजा. विकत घेताना पिच, म्हणजे दात्यांचं माप, बघून घ्या. ०.८ मॉड्यूल आणि ३२ पिच इतके जवळ आहेत की एकमेकांत चालतात, पण ४८ पिचचं पिनियन तुमच्या स्परवर बसणार नाही. ३६५० मोटरचा शाफ्ट बहुतेक ३.१७ मिलिमीटरचा असतो, तेही भोक तपासा.

तांब्याची_तार
१२ एप्रिल, दुपारी १.५०

माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या, मिक्सर, सगळं येतं. आरसीचा नाद मुलामुळे लागला. मुठाकाठ, तुमची जळालेली मोटर टाकून दिली नसेल तर मागचं झाकण उघडा आणि वाइंडिंग कसं दिसतंय ते सांगा. जळालेली मोटर कशाने जळाली हे ती बऱ्याचदा स्वतःच दाखवते.

तोवर थोडं. तांब्याच्या तारेवर जो वार्निशचा थर असतो त्याचे वर्ग ठरलेले आहेत. बी म्हणजे १३० अंश, एफ १५५, एच १८०. आमच्या धंद्यात धरून चालायचा हिशोब असा की ठरलेल्या तापमानावर दर दहा अंश चढले की इन्सुलेशनचं आयुष्य अर्ध्यावर येतं. तुम्ही मोजता ते बाहेरच्या कॅनचं तापमान, तार त्याहून बरीच गरम असते. म्हणून कॅन ८० च्या आत ठेवा असं जाणकार सांगतात ते मला पटतं.

दुसरं म्हणजे तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. तीस अंशांची तार एकशे दहावर गेली की रोध तीस टक्क्यांनी वाढलेला असतो. तेवढाच करंट, पण उष्णता आणखी तीस टक्के जास्त. म्हणून पाच मिनिटांपर्यंत ठीक असलेली मोटर सातव्या मिनिटाला एकदम हाताबाहेर जाते. वास यायला लागल्यावर थांबणारे बरेच गिऱ्हाईक माझ्याकडे येतात. वास आला म्हणजे वार्निश शिजलेलं असतं.

नळस्टॉप_नाका
१२ एप्रिल, रात्री ८.३०

वेगळं सुचवतो. ३एस (तीन सेलची बॅटरी) लावा. व्होल्टेज वाढलं की तेवढ्याच पॉवरला करंट कमी लागतो, मोटर गारच राहील. माझा मित्र ३एसवरच पळवतो.

पिनियनवाला
१२ एप्रिल, रात्री ९.०५

नळस्टॉप, 'तेवढ्याच पॉवरला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ३३०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर मोकळी फिरली तर मिनिटाला साधारण २४,४०० फेरे घेते, ११.१ वर ३६,६०० च्या पुढे. गिअरिंग तेच ठेवलं तर गाडी दीडपट वेगाने पळू बघते, आणि त्या वेगासाठी लागणारी पॉवर दीडपटीपेक्षा खूप जास्त असते. शिवाय फेरे वाढले की लोखंडी पत्र्यांमधला तोटाही वाढतो. तुमचं म्हणणं खरं ठरवायचं तर ३एसबरोबर पिनियन इतकं लहान करायला हवं की वरचा वेग २एसएवढाच राहील. मित्राने बहुधा ते केलं असेल. मुठाकाठ यांनी १७ दात्यांवर ३एस जोडली तर पहिल्याच चढावर मोटर जाईल. आधी त्यांचा ईएससी ३एस घेतो का, तेही बघावं लागेल.

नळस्टॉप_नाका
१२ एप्रिल, रात्री ९.२०

बरोबर. विचारलं त्याला, त्याचं पिनियन ११ चं आहे. हे मी आधी विचारायला हवं होतं.

सई_कोथरूड
१३ एप्रिल, सकाळी ११.१०

धागा पहिल्यापासून वाचतेय, वाचनखूण साठवली. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याच्याकडे टॅमियाची टीटी-०२ आहे, किटमधून आम्ही दोघांनी मिळून जोडली. मोटर साधी, ब्रशवाली ५४०. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुळगुळीत फरशीवर पळवतो, गवत-चढ काही नाही. तरी लागोपाठ दोन बॅटऱ्या संपवल्या की मोटरचा उग्र वास येतो. टेप लावून मोजलं, ६२ आलं. ६२ ला वास का यावा?

तांब्याची_तार
१३ एप्रिल, दुपारी २.३०

ताई, तुमच्या मोटरची रचना उलटी आहे. ब्रशलेसमध्ये तारेची वेटोळी बाहेरच्या बाजूला, कॅनला चिकटून असतात आणि चुंबक आत फिरतं. त्यामुळे तारेची उष्णता कॅनमधून सरळ बाहेर पडते. ब्रशवाल्या ५४० मध्ये चुंबकं कॅनला चिकटलेली आणि तारेचा आर्मेचर आत फिरतो. तारेची उष्णता हवेची फट ओलांडूनच बाहेर येणार. म्हणून कॅन ६२ असला तरी आत बरंच जास्त असतं. भरीला कम्युटेटरवर (आर्मेचरला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या कड्यावर) ब्रश घासतात, ठिणग्या पडतात, कार्बनची भुकटी जमते. वास त्या सगळ्याचा मिळून येतो.

दोन बॅटऱ्यांमध्ये पंधरा-वीस मिनिटं थांबा. मुलाला तेवढ्या वेळात गाडी उलटी करून चाकं तपासायची सवय लावा. कॅनला खिडक्या आहेत, पंखा लावणार असाल तर झोत त्या खिडक्यांवर येऊ द्या. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या बुशला (शाफ्ट ज्यात फिरतो त्या साध्या कड्यांना) महिन्यातून एकदा तेलाचा एकच थेंब, सुईच्या टोकावरून. जास्त नको, तेल ब्रशवर गेलं की आणखी त्रास.

पिनियनवाला
१३ एप्रिल, दुपारी ३.४५

त्यात भर. टीटी-०२ किटमधलं गिअरिंग, २२ चं पिनियन आणि ७० चा स्पर, म्हणजे अंतिम गुणोत्तर ८.२७, त्या मोटरला सोसण्यासारखंच आहे, ते बदलू नका. मात्र किटमध्ये बेअरिंगऐवजी बुश आले असतील तर आधी ते बदला. गाडी हातात धरून चाक फिरवलं तर फरक लगेच कळेल. मोटर ज्याला धरलेली असते तो प्लास्टिकचा माउंट बदलून ॲल्युमिनियमचाही मिळतो. तो उष्णता स्वतःत ओढून घेतो.

मुठाकाठ
१५ एप्रिल, रात्री ९.५०

उशीर झाला, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

आधी टेप. १७ दाते, पंखा चालू, बॉडी चढवलेली, आठ मिनिटं, हवा ३६ अंश. गाडी थांबल्या थांबल्या ९७, आणि मिनिटभराने १०४. आकडा वर सरकताना बघून पोटात गोळा आला. रोज संध्याकाळी मी हे करत होतो.

मग १४ चं पिनियन. बसवताना वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरांच्या मधे घालून मोटर आवळली, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढली. पट्टीवर दातांच्या घड्या पडल्या, पण ती फाटली नाही. आधीचं कसं बसवलं होतं ते आठवून पाहिलं, तर दात अगदी एकमेकांत रुतवून आवळले होते. तोच प्लॉट, तेवढीच मिनिटं, हवा ३६: कमाल ८३.

वरचा वेग थोडा कमी झाला, पण चढावर गाडी आता थबकत नाही, उलट सरसर चढते. भाचा म्हणतो गाडी जास्त पळते.

तांब्याची_तार, जुनी मोटर उघडली. तिन्ही फेजच्या तारा सगळीकडे सारख्याच गडद तपकिरी झाल्यात, कुठे एकच काळा डाग असं नाही. एका ठिकाणी वार्निशचे पापुद्रे नखाने निघतात. वास अजून आहे.

तांब्याची_तार
१६ एप्रिल, सकाळी ८.२०

सगळीकडे सारखी तपकिरी म्हणजे ओव्हरलोड. तारेत कारखान्याचा दोष असता किंवा आत खडा जाऊन तार खरचटली असती, तर तेवढीच एक जागा काळी पडून बाकीचं तांबं लख्ख राहिलं असतं. तुमचं पूर्ण वाइंडिंग हळूहळू शिजत आलेलं आहे. मोटर चांगली होती, तिच्यावर भार जास्त टाकला गेला.

आणखी एक बघा. दोन्ही रोटर (आत फिरणारी चुंबकं) हातात घेता येतील तर तोच एक लहान स्क्रू दोन्हींना लावून बघा. नाहीतर नव्या मोटरच्या तिन्ही वायरी मोकळ्या करून शाफ्ट दोन बोटांत हळू फिरवा. टप्प्याटप्प्याने अडखळतो ना, ती चुंबकाची पकड. साध्या ग्रेडचं नियोडिमियम ८० अंशांपुढे कायमचं कमजोर व्हायला लागतं. एसएच ग्रेड १५० पर्यंत, यूएच १८० पर्यंत तग धरतं. स्वस्त मोटरीत कुठला ग्रेड घातलाय ते कॅनवर लिहिलेलं नसतं. चुंबक उतरलं की तेवढ्याच टॉर्कला जास्त करंट लागतो, मोटर आणखी तापते, चुंबक आणखी उतरतं. तार पुन्हा गुंडाळता येते, चुंबकाचं तसं नाही. म्हणून तुमच्या नव्या मोटरने दोन-चारदा १०४ पाहिलंय याची मला काळजी वाटते.

मुठाकाठ
१६ एप्रिल, रात्री १०.१५

स्क्रू लावून पाहिला. जुन्या रोटरवरून तो बोटाच्या टोकाने सहज निघतो. नव्याला नखाने ओढावा लागला. शाफ्टचे टप्पेही नव्यात चांगले लागतात. म्हणजे अजून वेळ गेलेली नाही, असं धरतो.

धायरीकर
१७ एप्रिल, सकाळी ६.५५

८३ अजूनही जास्त आहे. १४ दात्यांवर, अडीच किलोच्या गाडीला, एवढं यायला नको. कुठेतरी काहीतरी अडकतंय. मोटर स्परपासून सोडवा, म्हणजे पिनियन लागत नाही इतकी मागे सरकवा, आणि गाडी गुळगुळीत फरशीवर हाताने ढकलून सोडा. सरळ, लांब जायला हवी. मग एकेक चाक हातात घेऊन पुढे-मागे, आत-बाहेर हलवा. बेअरिंग, डॉगबोन (चाकापर्यंत ताकद नेणारा दांडा), चाकाचा नट, सगळं बघा. मोटर कुठलाही अडथळा करंट ओढूनच पार करते.

मुठाकाठ
१८ एप्रिल, रात्री ११.३०

धायरीकर, तुम्ही म्हणालात तेच निघालं. सविस्तर लिहितो, कोणाला तरी उपयोग होईल.

गाडी हॉलमधल्या फरशीवर ढकलली, तर सरळ न जाता उजवीकडे वळली आणि चार फरशांत थांबली. उजवं मागचं चाक. हाताने फिरवलं तर फिरतं, पण सोडलं की जागीच थांबतं. बाकीची तिन्ही चाकं मोटर सुटी असताना थोडा वेळ तरी फिरत राहतात. नट काढला, चाक काढलं. आतलं १० बाय १५ बाय ४ चं बेअरिंग बोटात घेऊन फिरवलं तर आतून करकर असा आवाज आला, मिरपूड चिरडल्यासारखा. बाजूची पत्र्याची चकती टाचणीने उचलली. आत ग्रीस उरलेलंच नव्हतं, काळा वाळलेला चिखल भरलेला. मागच्या महिन्यात नदीपात्रात गाडी पाण्यातून काढली होती, तेव्हाचा गाळ. वरून गाडी धुतली होती, आतलं कधी बघितलंच नाही.

नवीन बेअरिंग बेअरिंगच्या दुकानात मिळालं. ६७०० झेडझेड मागायचं, आरसीचं म्हणून काही सांगावं लागत नाही. आठही तपासली, तीन बदलली. फरशीवर ढकललं तर गाडी थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली.

आजचा आकडा: १४ दाते, पंखा चालू, बॉडी चढवलेली, हवा ३६, आठ मिनिटं. कमाल ७१.

धायरीकर
१९ एप्रिल, सकाळी ७.०५

हे वाचून फार बरं वाटलं. डॉगबोनच्या कपातही तसाच गाळ असतो, तोही पुसून घ्या. पाण्यातून गाडी काढली की त्याच दिवशी चाकं उतरवायची, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. काळ्या मातीचा गाळ वाळला की सिमेंटसारखा होतो.

भोसरी_लेथ
१९ एप्रिल, दुपारी १२.४०

आता पंख्याकडे वळायला हरकत नाही.

मुठाकाठ, तुमचा क्लिपवाला हीटसिंक मोटरवरून काढा आणि आतली बाजू बघा. कॅनचा व्यास ३६ मिलिमीटर, हीटसिंकची आतली गोलाई नेमकी तेवढी क्वचितच असते. दोन-तीन रेघांवर टेकतो आणि मधे हवा राहते, आणि हवा उष्णता नेत नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून थर्मल पेस्टची छोटी नळी घ्या आणि कॅनवर पातळ थर द्या, पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षाही पातळ. जाड थर दिला तर तोच आड येतो. कॅनवर स्टिकर असेल तर तो आधी सोलून काढा.

आता बॉडी. पंखा आत फिरतोय, पण आतली गरम हवा जाणार कुठे? पुढच्या काचेतून हवा आत येते असं आपण धरतो, पण बहुतेक बॉडींना ती काचही बंद असते. पॉलिकार्बोनेट वाकड्या कात्रीने छान कापलं जातं. मागच्या बाजूला, जिथे गाडीमागे हवेचा दाब कमी असतो, तिथे मोठं भोक द्या, आणि पुढे त्याहून लहान. धूळ आत यायची भीती असेल तर पुढच्या भोकावर जुन्या मोज्याची जाळी ताणून लावा, फक्त ती दर वेळी झटका.

पंखा ५ व्होल्टचा आहे ना? रिसीव्हरवर, म्हणजे ईएससीच्या बीईसीवर (रिसीव्हरला कमी व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर) जोडलाय की थेट बॅटरीवर? २एस भरलेली असली की ८.४ व्होल्ट असतात, ५ चा पंखा त्यावर फार दिवस टिकणार नाही.

मुठाकाठ
१९ एप्रिल, दुपारी १.१०

रिसीव्हरवरच आहे, बीईसी ६ व्होल्टचा. पंखा बंद ठेवूनही एकदा मोजून बघतो. आतापर्यंत पंख्याने नक्की किती फरक पडला हे मी वेगळं पाहिलंच नाही.

नळस्टॉप_नाका
१९ एप्रिल, संध्याकाळी ५.३०

एक प्रश्न. बोटींना मोटरभोवती पाण्याची नळी असते. गाडी थांबल्यावर मोटरवर ओलं फडकं ठेवलं तर?

भोसरी_लेथ
१९ एप्रिल, संध्याकाळी ६.१५

बोटीत पाणी बंद नळीतून, कॅनच्या बाहेरून फिरतं, आत जात नाही. तापलेल्या मोटरवर ओलं फडकं ठेवलं की पाणी झाकणाच्या फटीतून बेअरिंगमध्ये उतरतं आणि चार दिवसांत गंज. टेबलफॅनसमोर बॉडी काढून ठेवा, दहा मिनिटांत निवते.

तांब्याची_तार
१९ एप्रिल, रात्री ८.००

ईएससीचं टायमिंग, म्हणजे तो वेटोळ्यांना वीज किती आधी देतो ते, कोणी विचारलंच नाही अजून. काही ईएससींमध्ये ० ते २६.२५ अंशांपर्यंत आठ पायऱ्या असतात. वर नेलं की वेग वाढतो आणि तापमानही. मधल्या किंवा खालच्या पायरीवर ठेवा. शिवाय मोटरच्या तिन्ही बुलेट कनेक्टरना गाडी थांबल्या थांबल्या हात लावा. एक बाकीच्या दोघांपेक्षा गरम लागला तर त्याचा सोल्डर कच्चा आहे.

मुठाकाठ
२२ एप्रिल, रात्री १०.४०

तीन संध्याकाळ गेल्या यात, पण भाचा आणि मी दोघांनी मन लावून केलं. वहीत तक्ता त्याने आखला. तिन्ही दिवस साडेपाचला सुरुवात केली, हवा ३५-३६ होती, आठ मिनिटं घड्याळ लावून, प्रत्येक वेळी मोटर पूर्ण निवल्यावर.

बॉडी बंद, पंखा बंद: ७४. बॉडी बंद, पंखा चालू: ७१. म्हणजे इतके दिवस पंखा फक्त तीन अंश काढत होता. तीच गरम हवा गोल गोल फिरवत होता.

मग बॉडी कापली. मागच्या काचेची जागा पूर्ण काढली, पुढच्या काचेत दोन लांबट भोकं पाडली. भाच्याने पेन्सिलने आखून दिलं. पंखा बंद: ६९. पंखा चालू: ६०. तोच पंखा, तोच वेग, पण आता नऊ अंश.

शेवटी स्टिकर सोलून पेस्ट लावली. हीटसिंकच्या आत खरंच तीनच रेघा घासलेल्या दिसल्या, बाकी भाग कोरा होता. पेस्टनंतर ५७. टायमिंग दोन पायऱ्या खाली आणलं तर ५५, पण तो फरक मोजण्यातल्या चुकीचाही असू शकतो म्हणून तक्त्यात कंसात लिहिलाय.

एके दिवशी सकाळी साडेसहालाही गेलो. हवा २३ होती, मोटर ४३. एप्रिलमध्ये पुण्यात सकाळ आणि दुपार यांच्यात पंधरा-सतरा अंशांचा फरक असतो, तो जसाच्या तसा मोटरवर उतरतो.

१०४ वरून इथे आलो. त्यातले बहुतेक अंश पिनियन आणि बेअरिंगचे आहेत, आणि त्या दोन्हींना मिळून दोन पंख्यांइतकाही खर्च आला नाही. पिनियनवाला, धायरीकर, तांब्याची_तार, भोसरी_लेथ, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याला हा धागा वाचून दाखवला. १.३१ चा वर्ग त्याने स्वतः वहीत करून पाहिला.

पिनियनवाला
२२ एप्रिल, रात्री ११.१०

तक्त्याचा फोटो टाका. 'बॉडी बंद, पंखा चालू' ही ओळ मला क्लबातल्या मुलांना दाखवायची आहे.

५७ वर आहात तर आता हवं तर १५ चं पिनियन घालून बघा. एक दात, परत मोजा. मे महिन्यात दुपारी पळवणार असाल तर १४ वरच राहा.

सई_कोथरूड
२४ एप्रिल, संध्याकाळी ७.२५

आमच्या गाडीत खरंच प्लास्टिकचे बुश होते. मुलाने सगळे बदलले, मी फक्त स्क्रू धरले. आता दोन बॅटऱ्यांमध्ये वीस मिनिटं थांबतो. वास गेला, टेपवर ५१. त्याला मुठाकाठ यांच्या भाच्याबरोबर मुरमावर गाडी बघायची आहे. चालेल का?

मुठाकाठ
२४ एप्रिल, रात्री ८.००

नक्की या, ताई. रविवारी सकाळी साडेसहा, ऊन चढायच्या आत. मी पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. टीटी-०२ खडबडीत मुरमावर चालवू नका, प्लॉटच्या कडेला सिमेंटचा पट्टा आहे, तिथे छान पळेल. थर्मामीटर गन मी आणतो, टेप घेऊन या.